दुचाकीस्वाराचे पादत्राण

‘पादत्राण’ या शब्दाचा अर्थ त्याच्या पोटातच आहे. त्राण म्हणजे रक्षण. पायांचे रक्षण करते ते पादत्राण. शिरस्त्राण हा त्याचा सख्खा भाऊ. या दोघांपैकी थोरल्याची महती, दंडाच्या भीतीने का होईना, आपल्या व्यापारी समाजास आता बरीचशी पटली आहे. धाकट्याची मात्र आपण उपेक्षाच करीत आलो. सकाळी पेढी उघडावयास निघालेला गृहस्थ डोक्यावर हेल्मेट चढवितो आणि पायांत सरकवितो ती घरातली सपात किंवा अंगठ्याची चप्पल. मंदिराच्या पायरीशी ती उतरवावयाची, गादीवर बसताना ती काढावयाची, तेव्हा जोडा सुटसुटीत असावा, हा त्यामागील विचार. हा विचार चुकीचा नव्हे, परंतु अपुरा आहे. घर, मंदिर आणि पेढी यांच्यामध्ये रस्ता आहे, याचा त्यात विसर पडतो.

सीमाभागातील आपल्या सभासदांपैकी बहुतेकांचा व्यवसाय आज दुचाकीवर चालतो. आठवड्याचे बाजार, खेडोपाडीची वसुली, नमुने घेऊन गिऱ्हाइकाकडे जाणे, क्वचित चोर्ला घाट उतरून गोव्याची फेरी, हे सर्व मोटारसायकल अथवा स्कूटर यांवरच होते. भारत सरकारच्या रस्ते परिवहन खात्याने २०२२ सालासाठी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार त्या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. प्राण वाचविण्याचे काम शिरस्त्राणाचे; परंतु जे वाचतात त्यांच्यापैकी कित्येकांना पुढे महिनोन्‌महिने अंथरुणास खिळवून ठेवते ती पायाची इजा. दुकान एकट्याच्या पायावर उभे असेल, तर त्या पायाला झालेली इजा ही सबंध कुटुंबाचीच इजा ठरते. यास्तव दुचाकीवर जाताना पायांत काय घालावे आणि ते कसे पारखून घ्यावे, याचा विचार आम्ही येथे सभासद बंधुभगिनींपुढे मांडीत आहो.

पायालाच धोका अधिक का?

मोटारीत बसलेल्या माणसाभोवती पत्र्याचे घर असते. दुचाकीस्वाराचे पाऊल मात्र यंत्राच्या बाजूस, जमिनीपासून वीतभर अंतरावर, उघडे असते. गाडी कलंडली की ती पहिल्याने पायावर येते. नित्याच्या वापरातील शंभर सी.सी.ची मोटारसायकलसुद्धा ११० किलोच्या आसपास वजनाची असते. बुलेटसारख्या गाडीचे वजन १९० किलोंच्या वर जाते. हा भार एका बाजूने आणि खालून कठीण डांबरी रस्ता, अशा अडकित्त्यात पाऊल सापडते. गाडी अजून वेगात असेल, तर त्याच स्थितीत ते रस्त्यावर घासत जाते.

निसर्गानेही येथे फारसे आच्छादन दिलेले नाही. पावलात लहानमोठी २६ हाडे असून घोट्याच्या दोन्ही बाजूंस जी हाडे वर आलेली दिसतात, त्यांवर कातडीखेरीज काहीच नाही. टाचेच्या तळाची कातडी तर शरीरात अन्यत्र कोठेही सापडत नाही अशा जाड घडणीची आहे. ती सोलली गेल्यास मांडीची कातडी तेथे लावून पहिल्यासारखे काम होत नाही. म्हणजे ज्या जागी मार बसण्याचा संभव जास्त, त्याच जागी दुरुस्ती अवघड.

याखेरीज रोजचे लहान धोके आहेतच. तापलेल्या सायलेन्सरचा चटका, रस्त्यावरून उडालेला खडा, किक मारताना घसरलेला पाय, आणि सर्वांत नेहमीचा प्रसंग म्हणजे गाडी थांबविताना ओल्या फरशीवर, सांडलेल्या तेलावर किंवा चिखलावर टेकलेला पाय निसटणे. वेग शून्य असतानाही गाडी अंगावर येते ती अशा वेळी.

पाहणी काय सांगते?

जाड बुटांचा उपयोग किती, हा केवळ तर्काचा विषय राहिलेला नाही. परदेशांत त्याची पद्धतशीर पाहणी झाली आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरातील मोटारसायकल अपघातांचा जो सुप्रसिद्ध हर्ट अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला, त्यात जाड बूट, जाकीट व हातमोजे यांनी खरचटणे व कापणे यांस चांगला आळा बसतो, असा निष्कर्ष आहे. त्यानंतर ऑस्ट्रेलियात राजधानीच्या प्रदेशात अपघात झालेल्या २१२ स्वारांची पाहणी झाली व तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. आत संरक्षक कवच बसविलेले बूट घातलेल्यांच्या बाबतीत पाऊल व घोटा दुखावण्याचा धोका ४५ टक्क्यांनी कमी आढळला. परंतु आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. जे बूट मोटारसायकलसाठी म्हणून बनविलेलेच नव्हते, असे साधे उंच बूट घालणाऱ्यांचा धोकाही, साधे जोडे वा धावण्याचे बूट घालणाऱ्यांच्या तुलनेत, ५३ टक्क्यांनी कमी भरला.

याचा बोध असा की, महागडा विलायती जोडा घेण्याची ऐपत अथवा इच्छा नसली, तरी घोटा झाकणारा मजबूत बूट घालणे हीच पहिली आणि सर्वांत मोठी कमाई आहे. अर्थात बुटाला मर्यादा आहेत. भरधाव मालमोटारीची धडक बसल्यास कोणताही बूट हाड वाचवू शकेल असे नाही. परंतु आपल्याकडील नित्याचे अपघात म्हणजे घसरणे, कलंडणे आणि हलकी धडक. तेथे त्याची योग्यता पुरेपूर दिसते.

यावर कोणी म्हणेल की, कायद्यात तर पादत्राणाची सक्ती नाही. खरे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमात शिरस्त्राण सांगितले आहे. पादत्राणाविषयी तेथे काही नाही. चप्पल घालून गाडी चालविल्यास दंड होतो अशी वार्ता २०१९ साली सर्वत्र पसरली, तेव्हा केंद्रीय परिवहन मंत्र्यांच्या कार्यालयाने तसा नियम नसल्याचे त्याच वर्षी सप्टेंबरात जाहीर केले. परंतु दंड नाही म्हणून धोका नाही, असे कोणताही व्यवहारी माणूस म्हणणार नाही. गोदामाचा विमा आपण कायद्याच्या धाकाने उतरवीत नाही.

आज पायांत काय असते?

प्रथम चप्पल. कोल्हापुरी चपलेविषयी आपणा सर्वांस आपुलकी आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर यांजबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही त्यात समाविष्ट झाले. परंतु ती चालण्याची वहाण आहे. तिचा तळ गुळगुळीत, बोटे उघडी आणि टाच मोकळी. कोणतीही चप्पल पडताना सर्वप्रथम पायातून सुटते आणि पाय उघडा पडतो. पट्ट्याची सँडल सुटत नाही एवढेच. झाकत ती काहीच नाही.

दुसरा कॅनव्हासचा अथवा जाळीच्या कापडाचा धावण्याचा बूट. तळ चांगला धरतो, परंतु जाळीचे कापड डांबरावर क्षणात फाटते आणि घोटा उघडाच राहतो. तिसरा कचेरीत घालावयाचा बंद जोडा. चपलेपेक्षा बरा, पण तळ निसरडा आणि उंची घोट्याखाली. चौथा पावसाळ्यातील गमबूट. पाणी थोपवितो हे खरे. परंतु तो सैल असल्याने ओढल्यासरशी निघतो, आणि तळपायाला आधार देत नाही.

पाचवा, कारखान्यात वापरतात तो सुरक्षा बूट. हार्डवेअरच्या दुकानांतून तो सर्वत्र मिळतो आणि किंमतही बेताची असते. भारतीय मानक १५२९८ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे त्याची बोटांवरील टोपी २०० ज्यूलचा आघात सोसणारी असावी लागते. जड वस्तू वरून पडण्यापासून तो उत्तम रक्षण करतो. परंतु दुचाकीचा धोका बहुधा वरून नव्हे, तर बाजूने व घासण्याने येतो आणि त्या कसोट्या या मानकाचा उद्देश नाहीत. शिवाय टोपीमुळे बुटाचे नाक उंच होते व ते गिअरच्या दांडीखाली अडते. तरीही घोट्यावर येणारा, नाड्या घट्ट बसणारा सुरक्षा बूट चपलेपेक्षा शतपटीने चांगला. पोलादी टोपी दुमडून बोटे कापते, ही भीती मात्र सोडून द्यावी. टोपी दुमडेल एवढा भार आल्यास उघड्या बोटांची अवस्था त्याहून वाईटच होईल.

हाताने करावयाच्या पाच कसोट्या

सहावा प्रकार खास मोटारसायकलसाठी बनविलेल्या बुटांचा. तो घ्या वा साधा उंच बूट घ्या, कापड अंगठा व तर्जनी यांत धरून पारखणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना पुढील कसोट्या अवघड वाटणार नाहीत.

पहिली कसोटी उंचीची. बूट घोट्याच्या हाडांच्या वर किमान दोन-तीन बोटे यावा आणि त्या हाडांवर आतून जाड गादी अथवा कठीण वाटी असावी. बाहेरून अंगठ्याने दाबून ती कळते.

दुसरी कसोटी टाचेची. टाचेभोवतीचा भाग दोन्ही बाजूंनी दाबावा. तो पुठ्ठ्यासारखा चेपला गेला, तर बूट बाजूस ठेवावा.

तिसरी कसोटी तळाची. चवड्याच्या सर्वांत रुंद भागाशी बूट दोन्ही तळहातांत धरून आवळावा. तो आत दुमडता कामा नये. मग एका हाताने नाक व दुसऱ्याने टाच धरून ओला पंचा पिळावा तसा पिळून पाहावा. जितका कमी पिळेल तितका बरा. तळाला खोल खाचा आणि फूटरेस्टवर अडकेल अशी टाच असावी. मात्र तळ लाकडासारखा ताठही नको, कारण मागच्या ब्रेकचा दाब उजव्या पावलालाच कळावयाचा असतो.

चौथी कसोटी बंधनाची. बूट घालून पूर्ण आवळावा आणि दुसऱ्या माणसाकडून टाचेस धरून जोराने ओढवावा. निघाला तर तो अपघातातही निघणारच. लोंबत्या नाड्या गिअरच्या दांडीत किंवा फूटरेस्टमध्ये अडकतात. म्हणून नाड्या असल्यास त्या आत खोचण्याची सोय हवी. बाजूस चेन व तिच्यावर वेल्क्रोची झडप असलेला बूट आपल्यासारख्यांना विशेष सोयीचा. मंदिरापाशी व पेढीवर तो क्षणात काढता-घालता येतो, आणि सुटसुटीतपणाची जी अडचण आपण प्रारंभी पाहिली तिचे निरसन होते.

पाचवी कसोटी मापाची. दिवसभरात पाय किंचित सुजतो, यास्तव बूट सायंकाळी आणि नेहमीचे मोजे घालून घ्यावा. बोटांपुढे थोडी जागा राहावी, पण टाच उचलली जाऊ नये. मग आपल्या गाडीवर बसून पाहावे: गिअर सहज पडतो का, ब्रेकवर पाय नीट टेकतो का, दोन्ही तळवे जमिनीवर सपाट येतात का. या तिन्ही प्रश्नांचे उत्तर होय असल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

छाप वाचावयास शिकावे

सोन्यावर जसा हॉलमार्क, तसा मोटारसायकलच्या बुटावर युरोपातील मानकाचा छाप असतो. ‘ई.एन. १३६३४’ हा तो क्रमांक. बुटाच्या आत, बहुधा जिभेवर, मोटारसायकलस्वाराचे लहान चित्र व त्याखाली आकडे असतात. सध्याच्या छापात चार आकडे येतात आणि प्रत्येक आकडा १ किंवा २ असतो. २ म्हणजे वरची श्रेणी. पहिला आकडा बुटाच्या उंचीचा, दुसरा घासण्यास टिकण्याचा, तिसरा कापले जाण्यास टिकण्याचा आणि चौथा तळ बाजूंनी चेपला न जाण्याचा. घासण्याच्या चाचणीत धोक्याच्या जागी पहिल्या श्रेणीस ५ सेकंद, तर दुसऱ्या श्रेणीस १२ सेकंद टिकावे लागते. चेपण्याच्या चाचणीत पहिल्या श्रेणीने सुमारे १०० किलो व दुसऱ्या श्रेणीने सुमारे १५० किलो वजनाइतका दाब सोसावा लागतो. घोट्याच्या, नडगीच्या आणि पाणी थोपविण्याच्या जादा चाचण्या झाल्या असल्यास त्यांची अक्षरेही तेथे छापलेली असतात.

सभासदांपैकी जे स्वतः पादत्राणांचा वा मोटारसायकलच्या सुट्या भागांचा व्यापार करतात, त्यांना आमची विनंती आहे की, ‘रायडिंग बूट’ एवढ्या नावावर माल भरू नये. छाप पाहून भरावा आणि गिऱ्हाइकास तो वाचून दाखवावा. विश्वासाचे गिऱ्हाईक असेच जोडले जाते.

चामडे वर्ज्य असणाऱ्यांनी काय करावे?

आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबांत चामड्याची वस्तू वापरीत नाहीत. चांगला बूट म्हणजे चामड्याचा, ही समजूत अद्याप प्रबळ असल्याने अशी कुटुंबे रबरी चपलेवरच भागवितात. ही समजूत एके काळी बरीचशी खरी होती, कारण घासणे सोसण्यात चामड्यास जोड नव्हती. आज तशी स्थिती नाही. अत्यंत बारीक कृत्रिम तंतूंची दाट वीण करून तीत पॉलियुरेथेन मुरवितात. या पदार्थास मायक्रोफायबर म्हणतात. अल्पाइनस्टार्स, सिदी यांसारखे इटलीतील नामांकित कारखाने मोटारसायकलच्या शर्यतींत वापरावयाचे बूटही मायक्रोफायबरचे करतात. व्रत पाळावयाचे की पाय सांभाळावयाचा, असा पेच आता उरलेला नाही.

मात्र दोन बाबतींत सावध असावे. एक म्हणजे मायक्रोफायबर आणि साधे रेक्झिन एक नव्हे. रेक्झिन हे कापडावर चढविलेले प्लॅस्टिकचे पातळ पूट. ते घासताच सोलले जाते. दुसरे म्हणजे बाहेरून चामडे नसले, तरी आत ते असू शकते. युरोपात १९९४ च्या निर्देशानुसार पादत्राणावर वरचा भाग, अस्तर आणि तळ यांच्या पदार्थांची चिन्हे असतात. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडे, जाळी म्हणजे कापड, आणि चौकट चिन्हाच्या पत्त्यावर असतो तसा तिरपा चौकोन म्हणजे इतर पदार्थ. परंतु हे चिन्ह त्या भागाच्या किमान ८० टक्के पदार्थाचे असते. म्हणजे तिरपा चौकोन छापलेल्या बुटातही एखादे ठिगळ चामड्याचे निघू शकते. इंजिनाकडच्या आतील बाजूस उष्णता सोसण्यासाठी खरखरीत चामड्याचा तुकडा लावण्याची रीत आहे. यास्तव ज्यांस पूर्ण वर्ज्य आहे, त्यांनी बनविणाऱ्याकडून किंवा विक्रेत्याकडून तसे लेखी विचारून घ्यावे.

स्त्रिया, मुले आणि मधुमेही

मागे बसणाऱ्याचा पायही तितकाच उघडा असतो. साडी नेसून एका बाजूस बसलेल्या भगिनीची सपात चालत्या गाडीवरून निसटते. ती सावरावयास वाकताना तोल जातो. तिच्यासाठी निदान टाचेस पट्टा असलेला बंद जोडा असावा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमाप्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरावयाची सोय, पाय ठेवावयाची सोय आणि मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी, वस्त्र अडकू न देणारी जाळी गाडीस असलीच पाहिजे. सुशोभनासाठी म्हणून ती काढून टाकू नये.

मुलांच्या बाबतीत तर अधिक दक्षता हवी. फूटरेस्टपर्यंत न पोचणारा मुलाचा पाय लोंबत राहतो आणि चाकाच्या आऱ्यांत टाच सापडते. टाचेमागील शीर व कातडी सोलवटणारी ही इजा अस्थिवैद्यांच्या नित्य परिचयाची आहे. मुलाला टाच झाकणारा बंद बूट घालावा आणि जाळी नसलेल्या गाडीवर मागे बसवू नये.

बैठ्या व्यवसायामुळे आपल्यात मधुमेह पुष्कळ आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख अंदाजिली आहे. जुन्या मधुमेहात तळपायाची संवेदना मंदावते; सायलेन्सरचा चटका किंवा बुटात शिरलेला खडा जाणवत नाही आणि जखम लवकर भरत नाही. अशांनी उघड्या पायाने दुचाकीवर बसूच नये. बूट थोडा ऐसपैस घ्यावा, घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावे, आणि घरी आल्यावर पाय रोज तपासावेत.

ऋतुमान आणि निगा

ग्वाल्हेर, इंदूर वा हैदराबाद येथील उन्हाळ्यात पाणीबंद बूट पायाला घाम आणतो. तेथे हवेसाठी बारीक छिद्रे असलेला, पण घोटा व टाच मजबूत असलेला बूट निवडावा. गोवा व बेळगावकडच्या पावसात पाणीबंद अस्तर उपयोगी पडते. बुटावरून चढवावयाची प्लॅस्टिकची खोळ घेतल्यास तिचा तळ निसरडा नाही ना, हे अवश्य पाहावे.

भिजलेला बूट कडक उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नये. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत वाळवावा. पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिल्यास आतल्या आत कुजतो आणि एके दिवशी चालता चालता तुकडे होऊन पडतो. म्हणून स्वस्तात मिळतो या मोहाने कित्येक वर्षे माळ्यावर पडलेला माल घेऊ नये, आणि विकूही नये. एखाद्या मोठ्या अपघातातून गेलेला बूट वरून धड दिसला, तरी त्याची वाटी व शिवण तपासल्याखेरीज पुन्हा वापरू नये.

शेवटी खर्चाविषयी दोन शब्द. जोड्याचा खर्च वहीत एकदाच पडतो आणि तो जोडा नीट सांभाळल्यास अनेक वर्षे चालतो. मोडलेल्या घोट्याचा खर्च मात्र रुग्णालयाच्या पावतीवर संपत नाही. बंद राहिलेली पेढी, थकलेली वसुली आणि घरच्यांची धावपळ हे सर्व त्यात जमेस धरावे लागते. हा हिशेब आपल्या सभासदांस आम्ही शिकवावा असे नाही. येत्या दिवाळीस घरातील प्रत्येक दुचाकीस्वारासाठी नव्या वस्त्रांबरोबर घोटा झाकणारा एक चांगला जोडा घेतला जावा आणि तो कपाटात न राहता रोज पायांत जावा, एवढीच आमची सर्व बंधुभगिनींस आग्रहाची विनंती आहे.